मित्रदेशात रणगाडे रस्त्यावर येतात तेव्हा बाकीचे गप्प का बसतात?

३ डिसेंबर २०२४. ठाण्यात संध्याकाळचे सात वाजत आले होते आणि सोलमध्ये रात्रीचे साडेदहा. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल अचानक टीव्हीवर आले आणि त्यांनी देशात लष्करी कायदा लागू केल्याचं जाहीर केलं. थोड्याच वेळात हेलिकॉप्टरमधून उतरलेले कमांडो संसदेच्या आवारात शिरले. आत कर्मचारी दारांना टेबलं-खुर्च्या लावून उभे होते, अग्निशामक नळकांड्यांचा फवारा मारत होते. विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग कुंपणावरून उडी मारून आत गेले, तेही मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करत. आपली जेवणं उरकेपर्यंत, म्हणजे साडेनवाच्या सुमारास, संसदेने १९० विरुद्ध ० मतांनी हा कायदा फेटाळला होता. रात्री एकच्या आसपास तो मागेही घेतला गेला. ठाणेकर झोपायच्या आत सुरू होऊन संपलेलं प्रकरण!

मधल्या वेळात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं, ‘अमेरिकेचे अठ्ठावीस हजार सैनिक तिथे बसलेत ना? मग अमेरिका बोलत का नाही?’ खाली नेहमीची उत्तरं आली. अमेरिकेनेच केलं असेल. आपल्याला काय त्याचं. असाच कडक माणूस पाहिजे. पण काकांचा प्रश्न चांगला होता. मित्राच्या घरात बंदुका घेऊन माणसं शिरली तर मित्राने पहिल्या मिनिटाला ओरडायला हवं. प्रत्यक्षात तो घसा खाकरत बसतो. असं का होतं ते बघू.

आधी उठाव कशाला म्हणायचं ते

लष्करी उठाव म्हणजे लष्कराने, किंवा लष्करातल्या एका गटाने, बळाच्या धाकाने सत्ता बळकावणं. कोरियात वेगळंच झालं. तिथे खुर्चीवर बसलेल्या माणसानेच, खुर्ची आणखी घट्ट करण्यासाठी, संसदेवर सैन्य पाठवलं. हाही उठावच, फक्त घरातल्या माणसाने केलेला. लष्करी कायदा म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून हुकूम लष्कराच्या हाती देणं. राज्यघटनेत त्याची सोय असते, पण ती युद्धासारख्या प्रसंगासाठी.

बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये झालं ते यात बसत नाही. तिथे लोक रस्त्यावर आले, लष्कराने त्यांना अडवायचं नाकारलं आणि शेख हसीना लष्करी विमानाने दिल्लीजवळच्या हिंडनला उतरल्या. लष्कराची भूमिका निर्णायक होती, पण बंड जनतेचं होतं. ग्रुपवर दोन्हींची सरमिसळ सर्रास होते.

फलाट बदलला रे!

आता मुद्द्याचं. एखाद्या देशाच्या सैन्यात लाखो माणसं असतात. उठावाच्या कटात असतात काही हजार. तुर्कस्तानात १५ जुलै २०१६ च्या रात्री जो उठाव फसला, त्यात तिथल्या लष्कराच्याच हिशेबाने साडेआठ हजारांच्या आसपास सैनिक होते. एकूण फौजेच्या जेमतेम दीड टक्का. एवढ्या लोकांनी आठ कोटींचा देश ताब्यात घ्यायची स्वप्नं कशाच्या जोरावर पाहिली?

ठाणे स्टेशनवर संध्याकाळी उभं राहिलेल्याला याचं उत्तर ठाऊक आहे. फलाट खच्चून भरलाय, इंडिकेटर गंडलाय, घोषणा धड ऐकू येत नाही. तेवढ्यात चार माणसं जिन्याकडे धावत सुटतात. त्यांना काही पक्कं माहीत असतं असं नाही. पण ती धावली म्हणून वीस धावतात, वीस धावली म्हणून अख्खा फलाट पुलावर चढतो. प्रत्येकजण गाडीचा अंदाज बाकीच्यांकडे बघून बांधत असतो. आणि सगळेच चुकले असतील तर मूळ फलाटावर गाडी रिकामी येऊन उभी राहते.

उठावाचं गणित हेच. कटात नसलेला प्रत्येक सेनापती, पोलीस प्रमुख, राज्यपाल त्या रात्री मनात एकच हिशेब करतो : जिंकणार कोण? हरणाऱ्याबरोबर सापडलं तर फाशी नाहीतर जन्मठेप, जिंकणाऱ्याबरोबर असलं तर बढती. बंडखोरांना सगळ्या फौजेशी लढायचं नसतंच. ‘झालं, आपण जिंकलो’ एवढं पटवायचं असतं. म्हणून ते दारूगोळ्याच्या कोठारांइतकेच, किंबहुना आधी, टीव्ही केंद्राकडे धावतात.

तुर्कस्तानच्या राजधानीत, अंकारात, नेमकं तेच झालं. सैनिकांनी सरकारी टीव्हीवर वृत्तनिवेदिकेला निवेदन वाचायला लावलं : सत्ता आता आमच्या परिषदेच्या हाती, संचारबंदी लागू. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसवरचा पूल अडवला, अंकारावरून लढाऊ विमानं खाली घासून जाऊ लागली. तासभर जगाला वाटलं की खेळ आटोपला. मग एका खासगी वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने आपला मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरला. त्या पाच-सहा इंची पडद्यावर राष्ट्राध्यक्ष एर्दोगन व्हिडिओ कॉलवर होते, पाठीमागे पांढरा पडदा, चेहरा थकलेला. ‘लोकहो, चौकांत या, विमानतळांवर या,’ असं ते सांगत होते. काय बोलले याहून महत्त्वाचं हे, की ते जिवंत आणि मोकळे दिसले. कुंपणावर बसलेल्या शेकडो अधिकाऱ्यांचा हिशेब त्या मोबाइलने बदलला.

मॉस्कोत ऑगस्ट १९९१ मध्ये उलट बाजूने हेच दिसलं. सोव्हिएत संघाचे राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्ह यांना क्रिमियात नजरकैदेत ठेवून आठ जणांच्या समितीने सत्ता घेतली, टीव्हीवर बॅले नृत्य लावून ठेवलं. मग पत्रकार परिषद घेतली आणि तिथे नवे ‘राष्ट्राध्यक्ष’ यानायेव्ह यांचे हात थरथरताना सगळ्या देशाने पाहिले. त्याच दिवशी संघातल्या रशिया प्रजासत्ताकाचे अध्यक्ष येल्त्सिन रणगाड्यावर उभे राहून भाषण करताना बातम्यांत दिसले. तिसऱ्या दिवशी उठाव विरला.

मग मित्राच्या गप्प बसण्याचं एवढं काय?

कारण तोही त्याच फलाटावर उभा आहे, आणि त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष आहे. मोठा मित्रदेश काय म्हणतो हे बंडखोरही ऐकतात आणि कुंपणावरचे अधिकारीही. ‘आम्ही निवडून आलेल्या सरकारच्याच बाजूला’ असं त्याने पहिल्या तासात ठणकावलं, तर बंडात सामील होण्याची किंमत वाढते. तो गप्प बसला तर ‘यांनाही चालणार आहे’ असा अर्थ निघतो. तटस्थ राहायचं म्हटलं तरी बाजू घेतल्यासारखंच होतं.

तरीही तो गप्प बसतो. पहिलं कारण साधं : त्यालाही जिंकणार कोण ते ठाऊक नसतं आणि उद्या जो असेल त्याच्याशीच व्यवहार करायचा असतो. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे, म्हणजे अमेरिका आणि युरोपीय देशांच्या लष्करी करारसंघटनेत. तिथल्या इन्जिर्लिक तळावर अमेरिकी विमानं असतात, अण्वस्त्रंही असल्याचं सगळे जाणकार सांगतात. उठावानंतर त्या तळाची वीज तोडली गेली, हवाई हद्द बंद झाली आणि तळाचा तुर्की प्रमुखच बंडात सामील असल्याच्या आरोपावरून पकडला गेला. मित्राच्या घरात तुमची तिजोरी असली की जीभ जड होते.

दुसरं कारण कराराचं. नाटोच्या करारात लोकशाहीचा उल्लेख आहे, पण लोकशाही गेली तर सदस्याला बाहेर काढायचं कलम नाही. ग्रीसमध्ये १९६७ ते १९७४ लष्करशहांचं राज्य होतं आणि ग्रीस नाटोतच होता. एका सदस्यावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला हे प्रसिद्ध कलम आहे ते बाहेरून होणाऱ्या हल्ल्यासाठी. घरातल्या बंडाला ते लागू पडत नाही.

तिसरं कारण पैशाचं आणि कायद्याचं आहे, आणि ते मला सगळ्यात मजेशीर वाटतं. निवडून आलेलं सरकार लष्करी उठावाने पाडलं गेलं तर त्या देशाची मदत थांबवावी, असं अमेरिकी कायदा सांगतो. मग पळवाट काय? उठावाला उठाव म्हणायचंच नाही! जुलै २०१३ मध्ये इजिप्तच्या लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. अमेरिका वर्षाला १३० कोटी डॉलरची लष्करी मदत देत होती. हा उठाव आहे की नाही, याचा निवाडा करायचंच तिने टाळलं. नायजरमध्ये जुलै २०२३ मध्ये सत्ता उलथली, तिथे अमेरिकेचा ड्रोनचा तळ होता. ‘हा उठाव आहे’ असं अधिकृतपणे म्हणायला ऑक्टोबर उजाडला.

निवेदन वाचायचं कसं

परराष्ट्र खात्यांची भाषा बोजड वाटते, पण दोन-तीन शब्द हेरले की पुरे. तुर्कस्तानच्या रात्री अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केरी मॉस्कोत होते. त्यांची पहिली इच्छा होती ती स्थैर्य, शांतता आणि सातत्य यांची. सातत्य कुणाचं, ते त्यात नव्हतं. काही तासांनी, वारं फिरल्यावर, ओबामांकडून निवेदन आलं : सर्व पक्षांनी लोकशाही मार्गाने निवडून आलेल्या सरकारला पाठिंबा द्यावा. आता कर्ता-कर्म दोन्ही जागेवर. भारतानेही ‘सर्व बाजूंनी लोकशाहीला आणि मतपेटीच्या कौलाला पाठिंबा द्यावा, रक्तपात टाळावा’ असं म्हटलं. मतपेटीचा उल्लेख आला म्हणजे झुकाव कळला.

‘अंतर्गत बाब’ हा शब्द दिसला की मात्र सावध व्हावं. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ ला एक लेफ्टनंट कर्नल पिस्तूल रोखत संसदेत घुसला, खासदारांना ओलीस धरलं. स्पेनमध्ये अमेरिकेचे तळ होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेग म्हणाले की ही स्पेनची अंतर्गत बाब. मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला, सेनापतींना बराकीत राहायला सांगितलं आणि उठाव कोसळला. हेग यांचं ते वाक्य स्पॅनिश लोक पुढे कित्येक वर्षं विसरले नाहीत.

आणि आपण? सोव्हिएत संघाशी आपला १९७१ चा मैत्री करार. तो आणखी वीस वर्षांसाठी वाढवला गेला ऑगस्ट १९९१ मध्ये, म्हणजे मॉस्कोतल्या उठावाच्या अगदी तोंडावर. नाशिकजवळ ओझरला मिग विमानं जुळत होती, फौजेची बहुतेक सामग्री तिकडची, परकीय गंगाजळी आटलेली. नरसिंह राव सरकारला दोन महिनेही झाले नव्हते. गोर्बाचेव्ह यांची गच्छंती म्हणजे नियंत्रण न ठेवता बदल करू पाहणाऱ्यांना इशारा आहे, अशा अर्थाचं राव बोलून गेले. बंड टिकेल असं गृहीत धरलेलं वाक्य होतं ते. तीन दिवसांत गोर्बाचेव्ह परत आले, येल्त्सिन वीर ठरले आणि दिल्लीला अवघडल्यासारखं झालं. फ्रान्सचे मित्तराँ तर टीव्हीवर बंडखोरांचं पत्र वाचून दाखवत होते. तेव्हा चूक एकट्या राव यांची नव्हती. पण भारतीय धोरण नेहमी तत्त्वावर चालतं असं सांगणाऱ्यांना हा प्रसंग जरूर आठवून द्यावा.

‘मग सरळ सैन्य का पाठवत नाहीत?’

पाठवलंय की. आपणच. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये अब्दुल्ला लुथुफी नावाच्या व्यापाऱ्याने श्रीलंकेतले तमीळ भाडोत्री बंदूकधारी आणून माले शहर काबीज करायचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष गयूम लपले आणि त्यांनी मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून छत्रीधारी सैनिक मालेशेजारच्या हुलुले बेटावरच्या धावपट्टीवर उतरले. पळून जाणारं जहाज आणि त्यावरचे ओलीस नौदलाच्या गोदावरी आणि बेटवा या युद्धनौकांनी गाठले.

हे जमलं कारण सगळं जुळून आलं होतं. बोलावणं खुद्द राष्ट्राध्यक्षांचं, हल्लेखोर बाहेरचे, देश चिमुकला आणि विमानाच्या टप्प्यात. तुर्कस्तान किंवा कोरियात बंड करणारी फौज त्याच देशाची असते. बाहेरचं सैन्य आलं की दुसऱ्या दिवशी बंडखोरच देशभक्त ठरतात.

‘अमेरिकेनेच केलं असणार’

हा संशय हवेतला नाही. १९५३ मध्ये इराणच्या मोसादेक सरकारला पाडण्यात आपला हात असल्याचं अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने स्वतःच पुढे मान्य केलं आहे. पण एकदा केलं म्हणून दर वेळी त्यांनीच केलं, हे पुराव्याशिवाय म्हणता येत नाही. तुर्कस्तानने बोट दाखवलं ते अमेरिकेत पेन्सिल्वेनियात राहणाऱ्या फेतुल्ला गुलेन या धर्मगुरूकडे, आणि त्याला ताब्यात द्या अशी मागणी केली. अमेरिका पुरेसा पुरावा मागत राहिली, गुलेनने आरोप नाकारले आणि २०२४ मध्ये तो तिथेच वारला.

याच्या उलट टोकाचा फॉरवर्डही तेव्हा फिरला होता, की एर्दोगन यांनीच हे नाटक रचलं. २५० च्या आसपास माणसं मेली, संसदेच्या इमारतीवर बॉम्ब पडले. नाटकासाठी ही किंमत मला पटत नाही. संशयाला जागा मिळाली ती वेगळ्या गोष्टीमुळे. दुसऱ्याच दिवशी २,७४५ न्यायाधीश निलंबित झाले. एवढी नावं एका रात्रीत कोण काढतं? याद्या आधीपासून तयार होत्या, असं मानायला भरपूर जागा आहे. पण याद्या तयार असणं वेगळं आणि आग स्वतः लावणं वेगळं.

‘लोक रस्त्यावर उतरले म्हणून वाचलं’

अर्धं खरं. इस्तंबूलमध्ये मध्यरात्री मशिदींच्या भोंग्यांवरून लोकांना बाहेर बोलावलं गेलं, माणसं रणगाड्यांसमोर आडवी पडली. एर्दोगन यांना पाण्यात पाहणाऱ्या विरोधी पक्षांनीही त्या रात्री उठावाचा निषेध केला. सोलमध्ये एका पक्षप्रवक्तीने सैनिकाच्या बंदुकीची नळी हाताने धरून त्याला ‘लाज नाही वाटत?’ असं खडसावलं. मॉस्कोत तीन तरुण मेले आणि संसदेवर चाल करून जायला खास पथकाने नकार दिला.

पण म्यानमारकडे बघा. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथेही लाखो लोक रस्त्यावर आले, रोज रात्री घराघरांतून भांडी बडवली गेली. लष्कर एकसंध राहिलं, त्याने गोळ्या चालवल्या आणि उठाव टिकला. लोक बाहेर आल्याने घाबरतो तो कुंपणावरचा अधिकारी. कुंपणावर कुणी नसेलच तर गर्दीचा उपयोग थांबतो.

रस्त्यावरच्या गर्दीची दुसरी बाजूही सांगायला हवी. बॉस्फरसच्या पुलावर सकाळी हात वर करून आलेल्या सैनिकांना जमावाने बेदम मारलं, काहींचे जीव गेले. त्यांत सक्तीच्या भरतीची, लष्करी शाळेतली पोरंही होती. युद्धसराव आहे असं सांगून आम्हाला आणलं, असं त्यांच्यातल्या अनेकांचं म्हणणं होतं.

उठाव फसतो, मग पुढे?

तुर्कस्तानात आणीबाणी लागली ती जुलै २०१८ पर्यंत. लाखाहून जास्त सरकारी नोकर घरी बसले. एप्रिल २०१७ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने राष्ट्राध्यक्षांच्या हाती जवळजवळ सगळी सत्ता गेली. पाश्चात्त्य देश या धरपकडीवर टीका करू लागले आणि तुर्की माणूस चिडला : आमच्या संसदेवर बॉम्ब पडत होते तेव्हा तुम्ही शब्द जुळवत होता, आता अटकांची मोजदाद करताय? त्या चिडण्यात तथ्य होतं. टीकेतही होतं.

पुतिन यांनी मात्र ताबडतोब फोन केला होता, आणि ९ ऑगस्ट २०१६ ला एर्दोगन सेंट पीटर्सबर्गमध्ये होते. पुढे नाटोच्या या सदस्याने रशियाची एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा विकत घेतली आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला एफ-३५ विमानांच्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. एका फोनमुळे एवढं घडत नाही, सीरियाचा गुंता आधीपासून होता. तरी उशिरा आलेल्या निवेदनाचा त्यात वाटा आहेच.

कोरियात उलट झालं. यून यांच्यावर १४ डिसेंबरला महाभियोग मंजूर झाला आणि घटना न्यायालयाने ४ एप्रिल २०२५ ला त्यांना पदावरून दूर केलं. अमेरिकेला आधी कल्पनाच दिलेली नव्हती. रात्री ‘गंभीर चिंता’, नंतर एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून ‘यून यांचा अंदाज साफ चुकला’ अशी कबुली. ग्रुपवरच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच : अमेरिकेने तोंड नीट उघडेपर्यंत कोरियन खासदारांनी काम संपवलं होतं.

‘नावडत्या देशात झालं तर चांगलंच की’

मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं नाकारली. वाशीच्या फळबाजारातही हीच चर्चा होती. २०१६ च्या उठावाची आठवण तेव्हा निघाली की हमखास कुणीतरी म्हणायचं, ‘फसायला नको होता.’

भावना कळते. हिशेब चुकतो. १२ ऑक्टोबर १९९९ ला मुशर्रफ यांनी नवाझ शरीफ यांना हटवलं तेव्हा पाकिस्तानातच काही ठिकाणी मिठाई वाटली गेली. आपल्या वाट्याला आला तो कारगिल घडवणारा सेनापती, थेट राज्यकर्ता म्हणून, आणि पुढची जवळपास नऊ वर्षं. नावडत्या नेत्याच्या जागी आवडता माणूस बसेल, याची हमी कुठलाही रणगाडा देत नाही.

घरचं कुणी तिकडे असेल तर

ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. कुणाची मुलगी सोलला शिकते, कुणाचा भाऊ कंपनीच्या कामाने इस्तंबूलला असतो. २०१६ च्या त्या रात्री शालेय क्रीडास्पर्धेसाठी गेलेली भारतीय मुलं तुर्कस्तानातल्या त्रब्झोन शहरात होती आणि इकडे पालकांचा जीव टांगणीला लागला होता. मुलं सुखरूप आली.

जाण्याआधी दूतावासाकडे नाव नोंदवून ठेवावं आणि मदतीचा क्रमांक कागदावरही लिहून द्यावा, कारण अशा रात्री इंटरनेट आधी मंदावतं. घरात थांबायला सांगावं. संसद, टीव्ही केंद्र आणि मोठे पूल यांच्या आसपास फिरकू नये. आणि मिळेल त्या विमानाने परत ये म्हणून पोरांच्या मागे लागू नये : इस्तंबूलचा अतातुर्क विमानतळ त्या रात्री बंडखोरांनी अडवला होता आणि थोड्याच वेळात तिथेच हजारो लोक त्यांना हुसकावायला धावले होते.